शेजाऱ्याच्या दस्तात सापडलेले पणजोबा : बडोद्याचे जुने नकाशे कसे वाचावेत

मंडळी, घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस नावापासून सुरुवात करतो. पणजोबा, त्यांचे वडील, मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. हे सगळे करायलाच हवे. पण आपल्या बडोदेकर मराठी घरांचा शोध बहुधा एका जागी अडतो. वहीत नाव मिळते आणि पुढे नुसते ‘बडोदे’ एवढेच लिहिलेले असते. गायकवाडांचा अंमल इथे १७३४ पासूनचा. शिलेदार आले, कारकून आले, पुजारी, वैद्य, गवई आले. एवढ्या गर्दीत आपला माणूस हुडकायचा तर त्याचे घर शोधावे, असे मी आग्रहाने सांगतो. घर सापडले की शेजार सापडतो, आणि शेजाऱ्यांच्या कागदांत आपली माणसे भेटतात.

घर शोधायला नकाशा लागतो, पण कोणताही नकाशा चालत नाही. इंटरनेटवर सहज मिळणारे जुने सर्वेक्षणाचे नकाशे बहुधा एक इंचाला एक मैल अशा प्रमाणाचे असतात. त्यांत कोटाच्या आतले अख्खे शहर टपालाच्या तिकिटाएवढे दिसते. नदी, रेल्वे, आसपासची गावे यांच्यासाठी ते उत्तम आहेत, पण पोळीतले, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीतले, घर त्यांत मिळणार नाही. आपल्याला हवे ते सिटी सर्वेचे, म्हणजे शहराच्या घरनिहाय मोजणीचे, शीट. आपल्याकडे मिळकतीची ओळख विभाग, टिक्का नंबर आणि सिटी सर्वे नंबर अशी असते. हे तीन आकडे हाती आले की प्रॉपर्टी कार्ड मिळते आणि शीटवरचा तुकडाही दाखवता येतो. संस्थानी काळातल्या कागदांसाठी राज्य अभिलेखागाराचे दक्षिण वर्तुळ बडोद्यातच आहे. तिथे मोडी वाचणारा सोबत न्या.

नकाशा हाती आला की आधी त्याचे वय ठरवा. छापल्याचे साल आणि मोजणीचे साल यांत कधीकधी बरीच वर्षे जातात. त्यापेक्षा इमारतींना विचारावे. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० चा, न्यायमंदिर १८९६ चे, कीर्तिमंदिर १९३६ चे. न्यायमंदिर आहे आणि कीर्तिमंदिराची जागा मोकळी आहे, म्हणजे मोजणी या दोन सालांच्या मधली.

आता खरा कागद, दस्त. घराच्या विक्रीखतात किंवा गहाणखतात चतुःसीमा असते, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे त्याची नोंद. लोक विक्रेता, खरेदीदार आणि रक्कम वाचतात आणि चतुःसीमेवरून नजर पुढे नेतात. मी तिथूनच वाचायला लागतो. एका कुटुंबाने माझ्याकडे आणलेला दस्त सांगतो. गुजरातीत, संवताची तारीख. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई की आमचे घर सुरसागरावर, म्हणजे त्या तलावाच्या काठी, होते. अशी घरगुती खूण खोटी नसते, ढोबळ असते. कोटाबाहेरच्या निम्म्या मराठी वस्तीला सुरसागर हीच खूण होती. (फार जुन्या कागदात चंदन तलाव दिसला तर तो हाच.)

दस्तात पोळीचे नाव होते आणि चार दिशा होत्या. पूर्वेस मोहोरा (दर्शनी बाजू), त्याची नेवे (पागोळ्या) सरकारी रस्त्यावर पडतात. पश्चिमेस पछीत (मागची भिंत), तिच्यामागे देवळाची विहीर. उत्तरेस सोनाराच्या घराशी सामाईक ‘करा’ (बाजूची भिंत). दक्षिणेस स्वतःचा करा, त्यात दोन जाळ्या, पलीकडे जाण्यायेण्याची गल्ली. आपल्या पोळींत घरे बाजूच्या भिंतींनी, म्हणजे कऱ्यांनी, एकमेकांना चिकटलेली असतात. ज्या घराचा एक करा मोकळा आणि त्यात जाळ्या, ते घर गल्लीच्या कोपऱ्यावरच असणार. शीट पसरले. पूर्वेला रस्ता आणि मागे विहीर अशी तीन घरे निघाली. त्यांतले गल्लीच्या उत्तरेचे कोपऱ्यावरचे एकच. सुरसागरापासून ते चांगले दोन वळणे आत होते.

घर मिळाले म्हणून सगळे खूश झाले आणि उठायला लागले. मी म्हटले, थांबा, आता उत्तरेचा नंबर काढा. त्या सोनार कुटुंबाने आपले जुने दस्त जपून ठेवले होते. त्यांच्या एका जुन्या खताच्या दक्षिण सीमेत या लोकांच्या पणजोबांचे नाव होते, वडिलांच्या नावासकट आणि मूळ गावासकट. स्वतःच्या घरातल्या एकाही कागदात ते गाव नव्हते.

तारखांबद्दल एकच. गुजरातेत विक्रम संवताचे वर्ष कार्तिकात बदलते. कार्तिक ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर संवतातून ५७ वजा करा, त्यानंतरची असेल तर ५६. छप्पनियाचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, इसवी १८९९-१९००. त्या सुमारास गहाण पडलेली घरे मुद्दाम तपासा. शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये १,१६,४२० होती, ती १९०१ मध्ये १,०३,७९० वर आली. त्या दशकात ज्या घरांत नाव बदललेले दिसते, तिथे नुसता व्यवहार समजून पुढे जाऊ नका.

नकाशात भाडेकरू नसतो, आणि आपल्यातले पुष्कळ जण वाड्यांत भाड्याने राहत. अशांनी वाड्याच्या मालकाचे नाव आधी शोधावे आणि त्या घराण्याच्या कागदांकडे वळावे. वेळ लागतो, पण दुसरी वाट मला दिसत नाही.

शीट मिळाल्यावर प्रत घेऊन पोळीत पायी फिरा. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्यावर अहवाल दिला. शहर नकाशाबरोबर पायाखालूनही घालावे लागते, हा त्यांचा आग्रह असे. जुने शीट आजच्या नकाशावर बसवायचे तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. जुळवणीसाठी न हललेल्या जागा घ्या : मांडवी, चारही दरवाजे (लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी), तांबेकर वाडा, देवळे. विश्वामित्रीचा काठ घेऊ नका, नदी सरकते. रुंद झालेल्या रस्त्यांच्या कडाही नकोत.

झेरॉक्स काढताना कडेची मोजपट्टी कापू देऊ नका. प्रत लहानमोठी झाली की ‘एक इंचाला इतके फूट’ हे लिहिलेले प्रमाण निरुपयोगी ठरते, पट्टी मात्र प्रतीबरोबर तितकीच लहानमोठी होते. आणि पोळीतल्या आजींनी दाखवलेले घर पेन्सिलीने टिपताना शेजारी त्यांचे नाव आणि तारीख लिहा.

माझे बोलणे इथे संपले. ज्यांनी दस्त आणले आहेत त्यांनी टेबलापाशी यावे, रावपुरा विभागाची शीटे मांडून ठेवली आहेत. चतुःसीमेचे पान वर ठेवा.