वरचे घर, खालचे घर: ‘वुदरिंग हाइट्स’मधील माणसे कशी बदलतात

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून मी आज एमिली ब्राँटे यांच्या, १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबरीविषयी बोलणार आहे. यॉर्कशायरच्या माळरानावर, एकमेकांपासून साधारण चार मैलांवर दोन घरे आहेत. वरच्या ‘हाइट्स’भोवतीची झाडे वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेली, खिडक्या अरुंद आणि भिंतीत खोल बसवलेल्या. खालच्या ‘ग्रेंज’मध्ये किरमिजी गालिचा आणि सोनेरी कडांचे पांढरेशुभ्र छत.

हाइट्सची कॅथरिन माळावर हुंदडणारी मुलगी. कुत्रा चावल्यामुळे ती पाच आठवडे ग्रेंजमध्ये राहते आणि नाताळात रेशमी झगा घालून परतते. हातमोजे काढते तेव्हा कामाशिवाय घरात बसून पांढरी पडलेली तिची बोटे दिसतात. ओळखीचे कुत्रे अंगाशी येतात, पण कपडे खराब होतील म्हणून ती त्यांना हात लावायला कचरते. हॉस्टेलवरून दिवाळीला आलेली आपल्याकडची मुलगी गोठ्यात पाऊल टाकताना ओढणी सावरते, तसेच हे आहे. त्यात तिचे प्रेम आटलेले नसते. तिच्या वडिलांनी घरी आणून वाढवलेला अनाथ मुलगा हीथक्लिफ हा तिचा बालपणीचा सोबती. त्याला पाहताच ती धावत जाऊन त्याला बिलगते, आणि मग मागे सरून त्याच्या मळकेपणाला हसते. माझ्या मते कादंबरीतील सारी शोकांतिका या एका हसण्यात दडलेली आहे.

हीथक्लिफ मुळातच रानटी, असे पुष्कळ वाचक म्हणतात. मला ते पटत नाही. कॅथरिनचा भाऊ हिंडले याने त्याचे शिक्षण बंद केले आणि त्याला गड्यांबरोबर वावरात राबायला लावले, हे विसरून त्याचा न्याय करता येणार नाही.

घर माणसाला कसे बदलते, हे कळण्यासाठी इझाबेलाकडे पाहावे. ग्रेंजमध्ये लाडाकोडात वाढलेली ही मुलगी हीथक्लिफशी लग्न करून हाइट्सवर येते, तेव्हा तिच्या दिमतीला मोलकरीण नसते आणि झोपायला धड खोलीही मिळत नाही. थोड्याच काळात नेली, म्हणजे ही कथा सांगणारी घरची मोलकरीण, तिला भेटायला जाते, तर केस विस्कटलेले, अंगावरचे कपडे बहुधा आदल्या संध्याकाळचेच. त्या घरात नीटनेटका दिसतो तो एकटा हीथक्लिफ. परक्या माणसाला तोच जन्माने कुलीन वाटला असता, असे नेलीला वाटते. पुढे इझाबेला बर्फातून पळत ग्रेंजवर येते, पण तिथेही थांबत नाही आणि दूर लंडनजवळ जाऊन राहते.