हार्मोनची गोळी घेताय? मग आतलं बाकीचं सामान पण बघा

नमस्कार मंडळी, सोलापूरहून! थायरॉईडची ५० ची गोळी घ्या हातात. त्यात हार्मोन किती, तर ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग, चिमटीत पण यायचा नाही. मग बाकीची गोळी कशाची? लॅक्टोज, मक्याचा स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट, रंग, असलं काहीबाही. यांना एक्सिपियंट म्हणतात, आणि गोळी चालू केल्यावर अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या तर कधीकधी दोष यांचा निघतो.

आता स्ट्रिप उलटी करा. हार्मोनचं नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरात 'एक्सिपियंट्स क्यू.एस.', म्हणजे लागेल तेवढं घातलंय, काय घातलंय ते विचारू नका! रंगाचं नाव तेवढं 'कलर'च्या पुढे सापडतं. बाकीची यादी आतल्या कागदावर, आणि तो कागद राहतो खोक्यात, आपल्याला मिळते कापलेली स्ट्रिप. म्हणून नवी पेठेत असा नाहीतर सात रस्त्याला, मेडिकलवाल्याला सरळ म्हणायचं, "दादा, खोक्यातला कागद दाखवा की, फोटो काढते." दाखवतात ओ, फारतर जरा वैतागतील.

आपल्याकडं शेंगा चटणीशिवाय ताट नाही, पण ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी नीट ऐका. प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनच्या काही कॅप्सूलमध्ये हार्मोन शेंगदाणा तेलात कालवलेलं असतं, अमेरिकेतल्या प्रोमेट्रियममध्ये तसंच आहे आणि अ‍ॅलर्जीवाल्यांनी घेऊ नये असं त्यांनी छापलंय. चटणीला हात न लावणारी बाई कॅप्सूल मात्र डोळे झाकून गिळते!

दूध पचत नाही म्हणून लगेच घाबरू नका हं, कपभर दुधात दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज, गोळीत मिलिग्रॅममध्ये, बहुतेकांना कळतही नाही. दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी मात्र वेगळी, ती डॉक्टरांना सांगाच.

रंगाचा संशय असेल तर एक युक्ती आहे. अमेरिकेतल्या सिंथ्रॉइड या थायरॉईडच्या ब्रँडची १०० ची गोळी पिवळी, ५० ची पांढरी, बिनरंगाची, म्हणून तिथले डॉक्टर १०० च्या जागी ५० च्या दोन देतात. आपल्या ब्रँडचं कागदावर बघून डॉक्टरांना विचारा, मनानं गोळी बंद करू नका. ओठ सुजले, श्वास लागला तर मात्र कागद शोधत बसायचं नाही, १०८ लावा. आणि थायरॉईडचा ब्रँड बदललाच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, परत करून घ्या.