झिरो तिकीट आहे, पण गाडी कुठाय?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याबी खेड्यात विचारा, गाडी किती वाजता येते, घड्याळ न बघता सांगतील. कॉलेज, बाजार, दवाखाना, सगळं त्या एका फेरीवर बांधलेलं असतंय, ती चुकली की दिवस गेला.

११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसमधनं राज्यात कुठंबी फुकट. आधार दाखवायचं, कंडक्टर झिरो तिकीट फाडतो, आणि त्याचे पैसे सरकारनं महामंडळाला द्यायचे, आपल्याकडं म्हणजे हुबळीच्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाला.

फरक बेळगावच्या बाजारात बघा. मेथीच्या चार पेंड्या विकायला यायचं तर आधी फायद्यातलं भाड्यालाच जायचं, मग गावातच मिळेल त्या भावात द्यायची. आता बुट्टी घेऊन बाई स्वतः येते, भाव स्वतः सांगते. माहेरला जायला, डॉक्टरला दाखवायला घरात कुणापुढं हात पसरायला लागत नाही, आणि मला विचाराल तर हे वाचलेल्या पैशापेक्षा मोठं आहे.

बॉर्डरवर मात्र गंमत आहे. शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासनं बायकांना अर्धं तिकीट, पण ती सवलत हद्दीपर्यंतच. चंदगडची बाई बेळगावच्या दवाखान्याला निघाली तर अलीकडचं पूर्ण भाडं, कारण तिचं आधार तिकडचं. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरनं कंडक्टरला मारहाण झाली आणि काही दिवस हद्दीपलीकडच्या फेऱ्याच थांबल्या. भांडण कुणाचं आणि स्टँडवर पिशव्या घेऊन बसलं कोण!

गर्दी वाढली हे पण खरं. निम्म्या सीटा पुरुषांना राखीव असा नियम आहे, पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसती तेव्हा नियम कोण बघतंय, आणि भरलेली गाडी मधल्या स्टॉपला थांबतच नाही, पोरं हात करत राहतात.

आणि भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळी सारखी गावं? तिथं धड रस्ताच नाही, पावसाळ्यात पेशंटला खांद्यावरनं आणायला लागतंय. त्या बाईला झिरो तिकीट देणार कोण, कंडक्टरच तिथं पोचत नाही.

म्हणून डेपोत पोरांचे अर्ज जातात ते फुकटसाठी नसतात. पासाचे पैसे ती भरतातच, मागणी एवढीच, की कॉलेजच्या टायमाला एक जादा गाडी सोडा.