बॅटरी तपासायची ती ड्रोन उतरल्यावर

मंडळी, समोर बऱ्याच ड्रोन दीदी, म्हणजे शेतात फवारणीचा ड्रोन उडवणाऱ्या बचत गटाच्या ताई, बसल्या आहेत. त्यामुळे लायपो, म्हणजे ड्रोनची लिथियम-पॉलिमर बॅटरी, म्हणजे काय, भरलेला सेल ४.२ व्होल्टचा कसा, इथून सुरुवात करत नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि भेटेल त्याला मी ते सांगतो: बॅटरीची तब्येत बघायची ती ड्रोन उतरल्यावर. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवरून काहीच कळत नाही.

एका ताईंची हकिकत सांगतो. बचत गटाच्या. त्यांनी सहा-सहा सेलच्या दोन वापरलेल्या बॅटऱ्या घेतल्या. विकणाऱ्याने मीटर लावून दाखवला, बाराही सेल ४.२०. "बघा ताई, पॉइंटाचाही फरक नाही." ताईंनी पैसे मोजले. पुढे उसावर फवारणी करताना स्क्रीनवर दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून ४५.६ व्होल्ट दिसत होते, म्हणजे सेलमागे ३.८. घाबरण्यासारखं काहीच नाही. आणि ड्रोन आपणहून उतरू लागला, उभ्या उसात. पुरुषभर उंच ऊस, पाती हाताला कापतात, आत शिरून ड्रोन शोधायचा. तुमच्यापैकी काहींनी शोधलाय, माना हलताना दिसताहेत!

विकणारा आधी म्हणाला वारा होता. मग म्हणाला टाकी जास्त भरली. शेवटी म्हणाला, "ताई, तुमचं ट्रेनिंग कमी पडलं." हे मला फार लागलं. प्रशिक्षण १५ दिवसांचं आहे, ५ दिवस उडवण्याचं आणि १० दिवस फवारणीचं. त्यातला एक अख्खा दिवस बॅटरीला द्या, ही माझी जुनी मागणी आहे. पण ज्या बाईने प्रमाणपत्र मिळवलं, गटाच्या पैशाचा हिशेब चोख ठेवला, तिच्या हातावर खापर फोडायचं आणि बॅटरी उघडून बघायचीही नाही? ते पॅक, म्हणजे त्या दोन बॅटऱ्या, माझ्या टेबलावर आले तेव्हा मी लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, काढला. त्या क्षणी अकरा सेल ३.८४ वर होते आणि एक ३.३६ वर. बेरीज करा, ४५.६० च येते. बाराव्याचं दुखणं सरासरीत बुडालं होतं. तो सेल कोसळला, एकूण व्होल्टेज मर्यादेखाली गेलं आणि ड्रोनने जमीन धरली. ताईंची काहीच चूक नव्हती.

मग विकताना ४.२० कसं दिसलं? भांडं लहान असलं तरी ते काठोकाठ भरता येतंच. चार्जर पुढे गेलेल्या सेलमधला थोडा करंट जाळतो आणि सगळ्यांना एका पातळीवर आणतो. थकलेला सेलही त्या पातळीला पोचतो. फक्त तो रिकामा लवकर होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. खरा विषय आता धावत सांगतो.

सेल एकामागे एक जोडलेले, म्हणून सगळ्यांतून करंट तोच जातो. समजा ८० अँपिअर. आतून २ मिलिओहम रोध असलेला सेल ०.१६ व्होल्टने खाली बसतो, ५ मिलिओहमचा ०.४० ने. शिवाय त्या ५ मिलिओहमच्या सेलमध्ये ३२ वॅट उष्णता, २ वाल्यात १३ च्या आत. थकलेला सेल जास्त तापतो आणि तापल्याने आणखी थकतो. फवारणीत सगळ्यात जास्त करंट टाकी भरलेली असताना लागतो, म्हणून सेलनिहाय आकडे दिसत असतील तर उड्डाणाचं पहिलं मिनिट नीट बघा.

उतरल्यावर अर्धा तास पॅक थंड होऊ द्या, मग बॅलन्स वायरला, म्हणजे प्रत्येक सेलपासून आलेल्या बारीक वायरींच्या जोडाला, चेकर लावा, तो एकेका सेलचं व्होल्टेज दाखवतो. सगळ्यात वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक ०.०३ व्होल्टपर्यंत असेल तर निश्चिंत राहा. ०.१ च्या पुढे गेला तर बॅलन्स मोडवर, म्हणजे चार्जर सगळे सेल एका पातळीवर आणतो त्या मोडवर, भरून, उडवून पुन्हा मोजा. तोच सेल पुन्हा मागे राहिला तर त्या पॅकवर भरलेली टाकी उचलू नका. ३.७ ते ३.८५ च्या पट्ट्यात व्होल्टेज फार हळू उतरतं, तिथे छोटा फरकसुद्धा मोठा समजायचा. अचानक विचित्र आकडा आला तर आधी पिन साफ करा, कधीकधी दोष तिथेच असतो.

गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नका. हंगाम संपला की सेलमागे ३.८ वर ठेवा. फुगलेला पॅक "चालतोय की" म्हणून वापरू नका, टोचूही नका. आणि जोडीतला एक गेला म्हणून जुन्याशेजारी नवा लावू नका, जोडीच बदला. प्रत्येक पॅकवर नंबर टाका आणि त्या नंबराखाली वहीत सहाही आकडे लिहा, बेरीज नको.

ज्यांनी पॅक आणलेत त्यांनी बाहेरच्या टेबलावर या. चेकर आहे, एकेक सेल बघू.