मोबाईलसमोर दोन तास बसतो, मग अभ्यासाला का बसत नाही?

(हातात गणिताची वही)

ही वही बघा. चौथीतल्या एका मुलीची आहे. नाव झाकलंय, आणि तिच्या आईला विचारूनच दाखवतेय. या पानावर दहा गणितं आहेत. पहिली तीन अगदी बरोबर. चौथ्यात अधिकचं चिन्ह आहे आणि हिने वजाबाकी केलीय. सहावं अर्ध्यावर सोडलंय. सातव्यापासून पान कोरं. म्हणजे गणित तिला येतं. येत नसतं, तर पहिली तीन सुटली नसती.

नमस्कार. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ही मुलगी वर्षभर माझ्या वर्गात होती आणि मला काही कळलं नाही. ती कुणाला मारायची नाही, उठून पळायची नाही. खिडकीजवळ गप्प बसायची. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'शांत आहे, अभ्यासात लक्ष द्यावे.' ते वाक्य मला अजून सलतं. पाचवीत गेल्यावर तपासणी झाली, तेव्हा कळलं की तिला एडीएचडी आहे, म्हणजे ध्यान टिकवणं, वळवणं किंवा स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूच्या वाढीतली अडचण.

एडीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच पोरगं येतं. 'हाऊ पोऱ्या एक जागे बसतच नही' असं जिच्या तोंडी सतत असतं, त्या आईचं पोरगं. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारं, खेळात स्वतःची पाळी येईपर्यंत न थांबणारं. हा प्रकार आहेच. पण दुसऱ्या प्रकारात चुळबूळ फारशी नसतेच. दप्तरात पट्टी नसते, डबा शाळेत राहतो, 'मीठ आण आणि दार लावून ये' म्हटलं की मीठ येतं, दार उघडंच. मुलींमध्ये हा प्रकार जास्त सुटून जातो, कारण गप्प मुलीची तक्रार कोणी करत नाही.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक पालकसभेत येतो. 'मॅडम, मोबाईलवर दोन तास हलत नाही, मग ध्यान नाही असं कसं?'

ध्यान आहे. ते वळवता येत नाही, अडचण तिथे आहे. शेतात पाणी भरताना बघा. पाटाला पाणी भरपूर असतं, पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस नसेल तर एक सरी तुंबते आणि शेजारची कोरडी राहते. मोबाईलवर दर काही सेकंदांनी नवं काहीतरी येतं, ते ध्यान बाहेरून ओढून धरतं. पाढे लिहिताना बाहेरून ओढणारं काही नसतं, तिथे आतून दारं धरावं लागतं. या मुलांच्या मेंदूत हे आतून धरणं इतर मुलांइतकं पक्कं झालेलं नसतं. हा आळस नाही, आणि आईच्या लाडाचाही दोष नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. कितीतरी वडील तपासणीच्या खोलीत म्हणतात, 'मीबी लहानपणी असाच होतो.'

मग ओळखायचं कसं? रक्ततपासणी किंवा स्कॅन करून हे कळत नाही. डॉक्टर बघतात ते असं: ठरलेल्या लक्षणांपैकी पुरेशी लक्षणं सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ आहेत का, वयाच्या 12 वर्षांआधी दिसू लागली का, आणि किमान दोन ठिकाणी दिसतात का. हा शेवटचा मुद्दा नीट ऐका. फक्त माझ्या वर्गात त्रास आणि घरी, मामाकडे सगळं सुरळीत असेल, तर आधी माझा वर्ग तपासायला हवा.

आपल्या भागात तर घाई मुळीच नको. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारं मूल पहिलीत पुस्तकी मराठी ऐकून खिडकीबाहेर बघतं, कारण त्याला समजतच नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि परत येतात तेव्हा चार महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. त्यांना एडीएचडी म्हणणं अन्याय आहे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात झोप होत नाही, तेव्हाही मूल चिडचिडं आणि विसराळू होतं. कान, डोळे, रक्तातलं लोह तपासून घ्या. नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे. आणि मूल मध्येच काही सेकंद टक लावून थांबत असेल, तर हलकेच खांद्याला हात लावा. स्वप्नात रमलेलं मूल भानावर येतं. हात लावूनही येत नसेल तर ते आकडीचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना लगेच दाखवा.

कुठे दाखवायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, 2013 पासून ही योजना आहे आणि तिच्या यादीत एडीएचडी आहे. ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे. जाताना तोंडी तक्रार घेऊन जाऊ नका, दोन आठवड्यांची नोंद न्या: काय सांगितलं, किती वेळा सांगितलं, काय झालं. घरची वेगळी, शाळेची वेगळी.

औषधाची भीती बऱ्याच जणांना वाटते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांना वागण्याच्या पद्धती शिकवतात. त्यापुढच्या वयात गरज असेल तर डॉक्टर औषध देतात आणि वजन, भूक, झोप बघत राहतात. मनाने चालू करू नका, मनाने बंदही करू नका.

(दुसरी वही दाखवत)

ही त्याच मुलीची यंदाची वही. पानाच्या मध्यावर ही घडी दिसते? वरची पाच गणितं दिसतात, खालची पाच झाकलेली. पाच झाली की ती उठते, माठातलं पाणी पिते, परत येऊन घडी उघडते. या पानावर सगळी दहा सोडवलेली आहेत. आठवं चुकलंय.