‘मॅडम, हे जर्नल चालेल का?’

नमस्कार श्रोतेहो. मुंबईतल्या कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारी बहुतेकदा पीएचडीची मुलं असतात, कधी अनुभवी प्राध्यापकही असतात. शोधनिबंध कुठे छापायला द्यावा, हे ठरवताना मोबाइल पुढे करून आम्हा ग्रंथपालांना म्हणतात, ‘मॅडम, हे जर्नल चालेल का?’

फेब्रुवारी २०२५ पर्यंत याचं उत्तर सोपं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) मान्य संशोधन नियतकालिकांची, म्हणजे जर्नल्सची, ‘यूजीसी-केअर’ ही यादी होती. यादीत नाव असलं की चालेल, नसलं की नाही. आयोगाने ती बंद केली, नियतकालिक पारखायचे काही निकष सुचवले आणि निर्णय संस्थांवर सोपवला. संस्थेत हे काम फिरत फिरत ग्रंथपालाच्या टेबलावर येतं. म्हणून आज मला बोलायचंय ते आम्हा ग्रंथपालांच्याच माहिती साक्षरतेबद्दल. माहिती शोधावी कशी, पारखावी कशी, हे वाचकांना शिकवायचं असं आम्ही म्हणतो. मग आधी ते आमच्या हातात पक्कं बसलेलं हवं.

समजा, असं एक जर्नल समोर आलं. नावात ‘इंटरनॅशनल’, खाली आयएसएसएन, शेजारी ठळक अक्षरांत इम्पॅक्ट फॅक्टर. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक आहे, दर्जाची हमी नव्हे. तरी तो आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून बघायचाच, कारण कधी तो भलत्याच नियतकालिकाचा निघतो. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ घेतला याचा आकडा; तो क्लॅरिव्हेट ही कंपनी ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये जाहीर करते. मिळत्याजुळत्या नावाचे आकडे वाटणारे मात्र पुष्कळ आहेत. मग संपादक मंडळ. त्यातलं एखादं नाव घ्यायचं, त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर जायचं आणि या संपादकपदाचा तिथे उल्लेख आहे का ते पाहायचं. शेवटी मागचे दोन-तीन अंक उघडायचे. एकाच अंकात होमिओपॅथी, जीएसटी आणि दलित आत्मकथनं शेजारी शेजारी असतील, आणि लेख चार दिवसांत स्वीकारला जात असेल, तर तज्ज्ञांनी तो वाचला कधी?

नावाजलेल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइटही असतात. फी तिकडे जाते आणि मुलांचा लेखही अडकतो, कारण एकदा छापलेला लेख दुसरं चांगलं जर्नल घेत नाही. दोन-तीन वर्षांची मेहनत अशी वाया जाते, याची मला फार हळहळ वाटते. ज्येष्ठ प्राध्यापकांना ‘सर, इथे देऊ नका’ असं सांगायला ग्रंथपालाला धीर लागतो. हे सगळं स्वतः तपासलेलं असेल तरच तो येतो.

शोधण्याचंही असंच आहे. एखादी मुलगी गिरणी संपावर काम करतेय, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या. ती इंग्रजीत ‘मुंबई मिल स्ट्राइक’ टाइप करते, थोडं काही हाती लागतं आणि तिला वाटतं, यावर फारसं लिहिलंच गेलेलं नाही. पण शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं १९९५ मध्ये. त्याआधीच्या इंग्रजी लेखांत आणि ग्रंथालयांच्या तालिकांत ‘बॉम्बे’ आहे, ‘मिल’च्या जागी अनेकदा ‘टेक्स्टाइल’ आहे. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगही सगळीकडे एक नाही. मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर देवनागरीत शोधला तर सापडतच नाही. हे ठाऊक असलेला ग्रंथपाल तिच्याशेजारी बसला, तर त्याच संगणकावर, त्याच दुपारी तिला कितीतरी जास्त मिळेल. आणि सगळं संगणकावर नसतंच. जुनी मराठी नियतकालिकं पाहायला तिला दादरला, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठवायचं, हे सुचणं हीसुद्धा माहिती साक्षरताच.

आता त्यात चॅटजीपीटी आलं. त्याने करून दिलेल्या संदर्भसूचीत कधी लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि तो लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे सादर केले होते; त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे प्रबंध तपासताना ग्रंथालयात समानतेची टक्केवारी, म्हणजे किती मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो ते, निघते. बनावट संदर्भ त्या टक्केवारीत दिसेलच असं नाही. त्यासाठी डीओआय, म्हणजे लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक, उघडून बघावा लागतो, तो दुसऱ्याच लेखाकडे नेत नाही ना हे पाहावं लागतं, आणि शंका असेल तर त्या अंकाची अनुक्रमणिका काढावी लागते. काम वेळखाऊ आहे, पण करायलाच हवं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स मिळू लागली. ही मोठीच गोष्ट आहे. पण ग्रंथपालांचे उजळणी वर्ग अजून सॉफ्टवेअर, बारकोड आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कागदपत्रांतच बराच वेळ घालवतात. तिथे एक आख्खा दिवस खऱ्या संशोधकांचे खरे प्रश्न घेऊन बसावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांनाही एक विनंती. पीएचडीसाठी ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा २ क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. फसवी नियतकालिकं, ओपन ॲक्सेस म्हणजे सर्वांना मोफत वाचता येणारं प्रकाशन, डेटाबेस हे सगळं त्यात येतं. ते तास आपल्या ग्रंथपालांकडे द्या.

आणि संशोधन करणाऱ्या मुलामुलींनो, प्रबंध बाइंडिंगला टाकायच्या आदल्या दिवशी नका येऊ. विषय ठरवताना या, जर्नलची फी भरायच्या आधी या. प्रश्न अर्धवट सुचलेला असला तरी चालेल. नमस्कार.