पन्हाळी, नंदी आणि शेंदराची खोळ

श्रोतेहो, नमस्कार. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा झाली की पहिली मागणी टाइल्सची होते. आज त्याबद्दलच बोलू.

महादेवाच्या देवळात पिंड एक, पण महादेव एकटा नसतो. समोर नंदी, गाभाऱ्याच्या दारावरच्या गणेशपट्टीवर गणपती, मागच्या कोनाड्यात पार्वती आणि बाहेर पाराजवळ मारोती. शिवपंचायतन, म्हणजे पाच देवांची मांडणी असेल तर मधोमध महादेव, ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती आणि वायव्येला देवी. मूर्ती हलवायच्या आधी या जागा कागदावर लिहून ठेवा. कामाच्या धांदलीत सूर्याच्या जागी गणपती बसतो, अन् कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रदक्षिणाही देवागणिक ठरलेल्या: देवीला 1, गणपतीला 3, विष्णूला 4, सूर्याला 7. महादेवाला मात्र अर्धीच, कारण पन्हाळी, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर नेणारी नाळ, ओलांडायची नसते. तिच्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परतायचं.

खरा घोटाळा होतो तो या पन्हाळीचाच. शाळुंकेवरचं, म्हणजे पिंडीच्या बैठकीवरचं पाणी तिच्यातून, बहुधा उत्तरेकडे, बाहेर पडतं. जुन्या फरशीवरच टाइल्स चढवल्या की तळ दीड-दोन इंच वर येतो, ढाळ मोडतो आणि श्रावण सोमवारी अभिषेकाचं दूधपाणी गाभाऱ्यातच तुंबतं. मग वास, मुंग्या, शेवाळ. एका फुटाला पाव इंच तरी ढाळ हवा. टाइल बसवण्याआधी पिंडीवर दोन घागरी पाणी ओतून बघा. पाणी थबकलं तर काम तिथंच थांबवा. सभामंडपाचा तळ उंचावला की नंदीही निम्मा गाडला जातो, हे वेगळंच.

देऊळ हेमाडपंती असेल तर दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. ही बांधणी चुन्याशिवायची, दगडावर दगड बसवलेली. सिमेंट ओल कोंडून धरतं, मग दगडाच्या कडा फुटतात. ऑइलपेंटनंही तेच होतं. हौस म्हणून भडक रंग फासणाऱ्यांना हे पटणं कठीण, पण सांगत राहावं.

आता मारोती. दर शनिवारी शेंदूर-तेलाचे थर चढून जाड खोळ होते आणि एखाद्या उन्हाळ्यात ती आपोआप गळते. तो कोप नव्हे, थरांचं वजन. शेंदरात शिसं असतं, म्हणून कोरडी खोळ खरवडू नका, धूळ नाकात जाते. आधी तेलानं ओली करा, तोंडाला फडकं बांधा, लेकरांना लांब ठेवा. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नका.